निवड झालेल्या मुलीचा बाप

मी कवळ्या करतो. दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे, तिला आम्ही लॅब म्हणतो. तिथे फळीवर प्लास्टरचे जबडे मांडलेले असतात आणि त्यांच्यासमोर बसून मी दिवसभर मेण वितळवतो, साचे भरतो, कडा घासतो. पुढच्या खोलीत डॉक्टर लोकांचे दात काढतात, मागच्या खोलीत मी ते परत करतो. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझं भरतं, आणि जरा जास्तच भरतं, हे माझ्या पट्ट्याला पाडलेल्या नव्या भोकावरून कुणीही सांगेल.

पोटाचा विषय काढला, कारण ही गोष्ट खेळाची आहे. शाळेत खेळाच्या तासाला माझ्याकडे जबाबदारीचं काम असायचं. बाकीची मुलं मैदानात उतरली की त्यांची घड्याळं आणि चष्मे सांभाळत मी झाडाखाली बसायचो. "तुझ्यासारखं एका जागी कुणाला बसता येत नाही," असं आमचे सर म्हणायचे. ते कौतुक नव्हतं हे कळायला माझं लग्न व्हावं लागलं.

तर अशा माणसाच्या मुलीची नववीत शाळेच्या हॉकीच्या संघात निवड झाली.

तिला आम्ही घरी मुंगी म्हणतो. लहानपणी ती स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत घरभर हिंडायची, तेव्हापासूनचं ते नाव. एका संध्याकाळी गुडघ्यापर्यंत माखून ती आली आणि बूट काढता काढता तिने ही बातमी सांगितली. माझी बायको टपाल कचेरीत काउंटरवर बसते. तिच्यापुढे काहीही आलं तरी ती आधी वजन करते. तिने विचारलं, सराव कुठल्या दिवशी, घरी यायला किती उशीर होणार, मार्क कमी झाले तर संघात ठेवतात का, आणि खेळण्याआधी डॉक्टरांनी तपासायला लागतं का. मुंगीने सगळ्याची उत्तरं दिली. मग मी विचारलं, "कॅप्टन कोण आहे?"

"दहावीतली एक ताई आहे. का?"

"काही नाही," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी ती नसेल."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो असं ऐकलं होतं. बापाचंही तसंच असतं, फक्त त्याचा गुडघा दुखत असतो.

पुढच्या आठवड्यात पालकांची सभा झाली. खेळाच्या बाईंनी ती विज्ञानाच्या प्रयोगशाळेत बोलावली होती, कारण म्हणे तिथे खुर्च्यांना पाठ नसते आणि पालक सैलावून बसत नाहीत. आम्ही सगळे उंच स्टुलांवर तोल सावरत बसलो. बाई बारीक, उन्हाने रापलेल्या, गळ्यात शिट्टी. मुली त्यांच्या माघारी त्यांना शिट्टीबाई म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पहिलंच वाक्य असं टाकलं, "मुलींची निवड झालीय. तुमची नाही."

मग त्या बरंच बोलल्या. मुलीला पुरेशी झोप हवी, सरावाआधी पोटात काहीतरी हवं, पाण्याची बाटली प्रत्येकीची वेगळी. सरावाला दांडी मारायची असेल तर मुलीने स्वतः येऊन सांगायचं, आईबापांनी चिठ्ठी पाठवायची नाही. कुणाला किती वेळ खेळवायचं ते त्या ठरवणार, आणि त्यावरून सामन्याच्या दिवशी कुणी त्यांच्याकडे यायचं नाही. बाहेरून सूचना द्यायच्या नाहीत. घरी जाताना वाटेत सामन्याची चिरफाड करायची नाही. शेवटी त्यांनी शिट्टी हातात धरून सांगितलं, "काही दुखलं तर मुलीने त्याच दिवशी बोललं पाहिजे. मला सांगायला घाबरत असेल तर तुम्हाला सांगू दे. तुम्हालाही सांगायला घाबरत असेल, तर मग तुम्ही जरा स्वतःकडे बघा."

मी मान डोलावत होतो. खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष त्यांच्या वरच्या दातांमधल्या फटीकडे होतं आणि उरलेलं माझ्याच मनात चाललेल्या बक्षीस समारंभात. बायकोने मात्र सगळं ऐकलं. मी पालथ्या घड्यासारखा गेलो होतो आणि कोरडाच परत आलो.

तयारी मी अंगावर घेतली. वाढत्या अंगाची मुलगी म्हणून एक नंबर मोठे बूट आणले. सरावात ती थांबली तरी बूट थोडे पुढे जात. बायकोने ते बदलून आणले. मग दातांच्या संरक्षणाचा प्रश्न आला, आणि तिथे मी कुणाचं ऐकणार नव्हतो. हॉकीत चेंडू किंवा काठी तोंडावर बसू शकते, म्हणून मुली वरच्या दातांवर माउथगार्ड घालतात. दुकानात मिळतात ते गरम पाण्यात बुडवून चावायचे. माझ्या मुलीने दुकानातलं घालायचं म्हणजे न्हाव्याच्या घरी जटा वाढण्यातला प्रकार. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचा ठसा घेतला, प्लास्टर ओतलं, दातांचा साचा केला आणि प्लास्टिकची जाड शीट तापवून त्यावर दाबून बसवली. काम देखणं झालं. तिने ते तोंडात घातलं आणि काहीतरी म्हणाली.

"काय?"

ती पुन्हा काहीतरी म्हणाली. मग तिने ते काढून हातात घेतलं. "मी म्हणत होते की याने बोलता येत नाही."

दुसरं मी पातळ केलं, आणि ते खरंच छान बसलं. इतकं छान, की सरावात तिच्या मैत्रिणींनी ते पाहिलं आणि आपल्यालाही मागितलं. मग काय, जेवणाच्या सुट्टीत मी साऱ्या संघाची माउथगार्ड केली. फळीवर गिऱ्हाइकांच्या बोळक्या जबड्यांशेजारी बत्तीशी भरत आलेल्या पोरींचे साचे लागले. डॉक्टर हसून म्हणाले की एवढे निरोगी दात या खोलीत पहिल्यांदाच आले. मुली मला काका म्हणून हाक मारू लागल्या. इथे माझं डोकं फिरलं. मला वाटायला लागलं की मीही संघात आहे.

सामने सुरू झाले. मुंगी बचावात खेळायची. तिच्या बाजूने कुणाला आत जाता येत नाही म्हणून मैत्रिणींनी तिचं नाव कुलूप ठेवलं होतं. मला हॉकीतलं काय कळत होतं? तरी रेषेबाहेर उभा राहून मी उंटावरून शेळ्या हाकायला लागलो. "पुढे जा, गोल कर," असं मी तिला ओरडून सांगायचो. बचावातल्या मुलीने जागा सोडून गोल करायला जाणं म्हणजे पहारेकऱ्याने दार उघडं टाकून बाजारात जाण्यासारखं, हे मला पुढे बायकोने समजावलं. ती टपाल कचेरीतून उशिरा यायची, कोपऱ्यात बसायची आणि एक अक्षर न बोलता खेळ शिकून घ्यायची. एका सामन्यात पंच खेळ थांबवून माझ्याकडे आल्या आणि शांतपणे म्हणाल्या की एक तर मी ओरडावं नाहीतर त्यांनी शिट्टी वाजवावी, मुलींना दोन्ही एकदम ऐकू येत नाही. आजूबाजूचे पालक हसले. त्यांच्याबरोबर मीही हसलो, जणू त्या दुसऱ्याच कुणाला बोलल्या होत्या.

एकदा मुंगीला पहिला अर्धा वेळ बाहेर बसवलं. मी मध्यंतरात सरळ शिट्टीबाईंकडे गेलो. माझी मुलगी नीट खेळत नाही का, असं काहीतरी मी विचारलं. बाई पाण्याच्या बाटल्या भरत होत्या. त्यांनी एक बाटली माझ्या हातात दिली, झाकण लावायला सांगितलं, मग दुसरी दिली. मी सगळी झाकणं लावली. तोवर दुसरा अर्धा सुरू झाला आणि मुंगी मैदानात होती. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं नाही, आणि बाटल्या मात्र भरून झाल्या.

त्या दिवशी घरी येताना वाटेत मी सामन्याची चिरफाड सुरू केली. कुणी कुठे चुकलं, बाईंनी काय करायला हवं होतं. मुंगी खिडकीबाहेर बघत होती. घर जवळ आल्यावर म्हणाली, "बाबा, तू मॅचला आलास ना, की मला दोन मॅच खेळायला लागतात."

मला वाईट वाटलं. मी ओरडणं बंद केलं, अगदी पूर्ण बंद केलं. पण माझ्या आत जे उकळत होतं ते कुठून तरी बाहेर पडणारच. ते दवाखान्यात पडू लागलं. कवळी बसवून बघायला मला पुढच्या खोलीत जावं लागतं. गिऱ्हाईक खुर्चीत आडवं, तोंडात माझी बोटं. असा श्रोता देवालाही मिळत नाही. मी त्यांना मुंगीचा प्रत्येक सामना सांगितला. ते ऊं ऊं करायचे आणि मी त्याला दाद समजायचो. संघ उपांत्य फेरीत पोहोचला तेव्हा समोरचा औषधवाला, कोपऱ्यावरचा किल्ल्या बनवणारा, आमच्या जिन्याखाली सायकली दुरुस्त करणारे आजोबा, सगळ्यांना ठाऊक होतं की अंतिम सामना आपलीच मुलगी जिंकून देणार. डॉक्टरांनी अंतिम सामन्याच्या दुपारी दवाखाना बंद ठेवायचं ठरवलं. मी त्यांना पुढची जागा धरून ठेवतो म्हणालो. मैदानात जागा धरायला खुर्च्याही नव्हत्या.

संघ उपांत्य सामना जिंकला. मुंगी पूर्ण वेळ खेळली. घरी आल्यावर मी तिचं माउथगार्ड धुवायला घेतलं आणि पाहतो तर उजव्या बाजूला दाढांच्या जागी ते आरपार चावलेलं. दातांचे ठसे वाचण्यात माझी हयात गेलीय. इतक्या जोरात माणूस खेळताना चावत नाही, कळ सोसताना चावतो, हे मला ठाऊक आहे. दात काढून घरी गेलेले लोक दुसऱ्या दिवशी तात्पुरती कवळी अशीच चावून आणतात. हे सगळं मला ठाऊक असताना मी काय निष्कर्ष काढला? की शीट पातळ पडली. मला माझ्या कामाची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी जाड शीटचं नवं माउथगार्ड करून आणलं आणि मोठ्या प्रेमाने तिच्या हातात ठेवलं. ती ते बघत राहिली आणि "थँक यू बाबा" म्हणून आत गेली.

अंतिम सामना दोन दिवसांवर आला होता. सकाळी बायको कामावर निघताना जिन्याखाली थांबली आणि तिने मुंगीला उतरताना पाहिलं. मुंगी कठड्याला धरून आडवी उतरत होती, एक पाय पुढे, दुसरा त्याच पायरीवर. बायको परत वर आली. तिला पायरीवर बसवलं आणि मोजे काढायला सांगितले. मुंगी म्हणाली, उशीर होतोय. बायको म्हणाली, होऊ दे.

मी टूथब्रश तोंडात धरून दारात उभा होतो. उजवा घोटा सुजून टम्म झाला होता आणि खालची कातडी काळीनिळी पडली होती. ते काही आदल्या रात्रीचं नव्हतं.

"केव्हा झालं?" बायकोने विचारलं.

"उपांत्य सामन्याच्या आधी. सरावात."

"आणि तशीच खेळलीस?"

मुंगी मोजा परत चढवायला लागली. मीच बोललो, तोंडातला फेस गिळून. "मला का नाही सांगितलंस?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस, बाबा. सायकलवाले आजोबा रोज विचारतात, जिंकलेल्या कपात चहा पिणार की सरबत. आता नाही खेळले तर तू सगळ्यांना काय सांगणार?"

ती चिडून नव्हती बोलत. तिला खरंच माझी काळजी वाटत होती. बायकोने माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "अहो, ब्रश करून या. दवाखान्यात जायचंय."

हाडाला बारीक चीर होती. हाडांच्या डॉक्टरांनी पायाला प्लास्टर घातलं. प्लास्टर बघून मला नेहमी घरच्यासारखं वाटतं, त्या दिवशी वाटलं नाही. आणखी एक सामना खेळली असती तर प्रकरण लांबलं असतं, असं ते म्हणाले. तिथून आम्ही शाळेत गेलो. शिट्टीबाईंनी मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आधी तिच्याशी बोलल्या, आपल्या नजरेतून हे कसं सुटलं म्हणून स्वतःलाच दोष देत राहिल्या. मला त्या काही बोलतील म्हणून मी तयारीत उभा होतो. मी त्यांना म्हणालो की तुम्ही सभेत सांगितलं होतं, पण माझं लक्ष नव्हतं.

"कुणाचंच नसतं," त्या म्हणाल्या. "म्हणून दर वर्षी सांगते."

मग मला एक फेरी मारायची होती, आणि ती मी एकट्याने मारली. औषधवाला, किल्लीवाला, सायकलवाले आजोबा. प्रत्येकाला सांगितलं की ती खेळणार नाही, पाय मोडलाय आणि चूक माझी आहे. मला वाटलं होतं आकाश कोसळेल. औषधवाला म्हणाला, अरेरे, आणि कुणाला तरी मलम द्यायला वळला. किल्लीवाल्याला सामना कुठल्या खेळाचा होता तेच आठवत नव्हतं. एवढ्या लोकांपुढे माझी अब्रू जाईल म्हणून माझी पोर मोडक्या पायाने पळाली होती, आणि त्यातल्या निम्म्यांना आपण अब्रू राखणारे आहोत याचा पत्ताच नव्हता. फक्त आजोबांनी नीट चौकशी केली आणि तिला बसून पाय वर ठेवता येईल असं एक बाकडं जिन्याखालून काढून दिलं.

अंतिम सामन्याला ते बाकडं मी मैदानात नेलं. मुंगी त्यावर पाय ठेवून बसली, तिच्या शेजारी बायको, मागे मी. आमचे दातांचे डॉक्टरही आले, उभेच राहिले. आमचा संघ एका गोलने हरला, आणि तो गोल मुंगीच्याच बाजूने आत गेला. तिच्या जागी आठवीतली एक छोटी मुलगी खेळत होती. माझ्या शेजारचे पालक चुकचुकले, एकजण म्हणाला की कुलूप असतं तर. मला ते ऐकून आधी बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून मग कसंसंच झालं. सामना संपल्यावर ती छोटी मुलगी रडत आली. मुंगीने तिला बाकड्यावर ओढून बसवलं आणि आपल्या प्लास्टरवर सही करायला लावली. मग सगळ्याच मुली गोळा झाल्या. त्यांच्या पराभवाचं दुःख पेन एका हातातून दुसऱ्या हातात जाईपर्यंत टिकलं. आम्हा पालकांचं आठवडाभर चाललं.

प्लास्टर निघाल्यावर मुंगी पुन्हा खेळू लागली, पण तिने घाई केली नाही आणि आम्हीही केली नाही. दहावीत ती कॅप्टन झाली नाही. कधी खेळायची, कधी बाहेर बसायची. बाहेर बसली की शेजारणीशी इतकं हसायची की शिट्टीबाईंना तिला गप्प करावं लागे. मी मैदानात जायचो. बाटल्या भरणं, बर्फाची पेटी उचलणं, हरवलेली काठी शोधणं ही कामं माझ्याकडे आली होती, आणि हात गुंतले की तोंड आपोआप मिटतं, हा शोध मला फार उशिरा लागला. मुलींचं सामान सांभाळत मी झाडाखाली बसलेलो असताना एकदा बायको म्हणाली की आता कुठे तुम्हाला तुमची जागा सापडली.

ती दहावीत गेली त्या वर्षीच्या पालकसभेतच शिट्टीबाईंनी मला उभं केलं होतं. नव्या पालकांना चार शब्द सांगा, म्हणाल्या. मी घरून तयारी करून गेलो होतो, पण त्या बिनपाठीच्या स्टुलावरून उठलो आणि सगळं विसरलो. मग आठवेल तसं बोललो. म्हणालो, मुलीच्या पायाकडे बघा, तोंडाकडे बघू नका, तोंड तुम्हाला हवं तसं हसतं. तिने आज काय केलं ते विचारण्याआधी मजा आली का ते विचारा. आणि गावभर सांगायचं असेल तर सामना झाल्यावर सांगा. कुणी हसलं नाही. सगळे मान डोलावत होते. त्या माना मी ओळखल्या.

सभा संपल्यावर एक गृहस्थ मला दारात गाठून उभे राहिले. शर्ट इस्त्रीचा, डोळ्यांत झोप नाही. माझं बोलणं फार आवडलं म्हणाले, अगदी मनाला लागलं. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं की पहिल्याच सामन्यात मुलीला पुढे खेळवावं म्हणून बाईंशी कुणी बोलायचं असतं. मी त्यांना बाजूला नेलं आणि बराच वेळ समजावत राहिलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं.

मुंगी फाटकाशी काठी टेकवून माझी वाट बघत होती.

"कोण होते ते?" तिने विचारलं. "इतका वेळ काय बोलत होतास?"

"नवीन पालक आहेत."

"बरं नाहीये का त्यांना?"

"बरे आहेत," मी म्हणालो. "मुलीची निवड झालीय."